फाशीच्या खटल्यात शिक्षेची सुनावणी: इंदूरच्या कोर्टात तयारी कशी करायची

खुनाच्या खटल्यात 'दोषी' असा निकाल दुपारी वाचला जातो आणि पुष्कळदा त्याच संध्याकाळी शिक्षाही सांगून होते. मधल्या दोन-तीन तासांत बचावाचे वकील उभे राहून तीन वाक्यं बोलतात: आरोपी तरुण आहे, घरची गरिबी आहे, हा पहिलाच गुन्हा आहे. ऑर्डरशीटवर, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीवर, 'शिक्षेच्या मुद्द्यावर उभयपक्षांस ऐकले' अशी ओळ पडते आणि माणूस जगणार की मरणार हे तेवढ्यावर ठरतं. त्या तीन वाक्यांच्या जागी काय असायला हवं आणि ते कसं जमवायचं, ते इथे मांडलं आहे. इंदूरमधले नवे वकील, कायद्याचे विद्यार्थी, विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेले वकील आणि ज्यांच्या घरचा माणूस सेंट्रल जेलमध्ये आहे ते नातेवाईक, या सगळ्यांना याचा उपयोग व्हावा.

अमेरिकेत फाशीच्या खटल्यातला निष्पक्षपणा ज्युरीच्या निवडीपासून तपासतात. फाशीला तत्त्वतः विरोध आहे एवढ्याच कारणावरून कुणाला ज्युरीतून वगळता येणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये विदरस्पून खटल्यात सांगितलं. वंश पाहून ज्युरर गाळता येणार नाही, हे १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात. आपल्याकडे तो मार्गच उरलेला नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला, त्याची चर्चा आजही होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ज्युरी ठेवलीच नाही. समोर कोणते न्यायाधीश बसतील हे बचावाच्या हातात नसतं. त्यांच्यासमोर कागद कोणते ठेवायचे, एवढंच हातात असतं. म्हणून आपल्याकडे निष्पक्षपणाची खरी कसोटी शिक्षेच्या सुनावणीत लागते.

या विषयावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा अलीकडचा निकाल इंदूरच्याच खटल्यातून आला, हे इथल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ हवं. २०११ साली इंदूरमध्ये एका घरात चोरीच्या इराद्याने शिरून तिघींचा खून झाला. दोन तरुण आणि एक तरुणी, तिघांनाही फाशी झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी, 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात, दोषसिद्धी कायम ठेवून फाशीच्या जागी किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. आरोपींच्या आयुष्याबद्दल खालच्या कोर्टाच्या फायलीत जवळपास काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जेलकडून आणि मानसतज्ज्ञांकडून अहवाल मागवले आणि पुढे प्रत्येक सत्र न्यायालयासमोर काय यायलाच हवं याची यादी घालून दिली.

कधी सुरुवात करायची

वकालतनाम्यावर सही झाली त्या आठवड्यात. दोषसिद्धीनंतर सुरू केलेली तयारी हमखास अपुरी पडते, कारण यातले बहुतेक कागद मिळायला महिना-दोन महिने लागतात.

आधी चालानातली, म्हणजे आरोपपत्रातली, कलमं पाहा. भारतीय न्याय संहितेचं १०३ म्हणजे खून हे उघडच आहे. पण ६५(२), ६६ आणि ७०(२), म्हणजे बलात्काराचे गंभीर प्रकार, ३१०(३) म्हणजे खुनासह दरोडा, १४०(२) म्हणजे खंडणीसाठी अपहरण आणि पॉक्सो कायद्याचं (लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम ६ (२०१९ च्या दुरुस्तीनंतर) यांतही फाशीची तरतूद आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेची कलमं लागतात. यातलं एक जरी कलम असेल तर 'या केसमध्ये फाशी कुठे होते' असं म्हणून सोडून देऊ नका. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत मध्य प्रदेशात फाशीची शिक्षा वारंवार सुनावली गेली आहे आणि असे खटले फार वेगाने चालवले जातात.

वेगाचं काय होतं ते दोन निकालांत दिसतं. खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात आरोपीला वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि जेमतेम दोन आठवड्यांत खटला संपला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फाशीच काय, दोषसिद्धीही रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. इंदूरच्या नवीन ऊर्फ अजय खटल्यात पंधरा दिवसांच्या आसपास सुनावणी उरकली होती. २०२३ मध्ये तोही नव्याने चालवण्यासाठी परत आला. यात बळी गेलेल्या लेकराच्या आई-वडिलांचं काय झालं असेल, ते कुणी फारसं बोलत नाही. पाच-सहा वर्षांनी त्यांना पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. घाईने दिलेली फाशी त्यांच्याही वाट्याला न्याय येऊ देत नाही.

'शिक्षेची तयारी केली म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होईल' ही भीती वकिलांत सर्रास आहे. ती निराधार आहे. गोळा केलेलं साहित्य दोषसिद्धीपर्यंत तुमच्या कपाटात राहतं; निर्दोष सुटका झाली तर ते कुणालाही दाखवायचं नसतं. आरोपीला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत हे सांगा, नाहीतर 'आमच्या वकिलाने आधीच हार मानली' असा त्यांचा समज होतो आणि ते बोलायचे थांबतात.

वकील आणि माहिती जमवणारा माणूस

जेलमध्ये असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. अनोखीलाल निकालाने तीन गोष्टी पक्क्या केल्या आहेत: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाची किमान दहा वर्षांची वकिली असावी, तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत आणि आरोपीशी बोलायची मुभा असावी. नेमणूक होऊन त्याच दिवशी साक्ष सुरू करायला सांगितलं तर हा निकाल अर्जासोबत जोडा आणि मुदत मागा. तोंडी मागू नका. तोंडी मागणी फायलीत उरत नाही.

एका खटल्यात दोन-तीन आरोपी असतील तर प्रत्येकाला वेगळा वकील हवा. शिक्षेच्या टप्प्यावर त्यांचं हित एकमेकांविरुद्ध जातं. धाकटा म्हणेल मोठ्याच्या सांगण्यावरून गेलो. तेच वकील मोठ्याच्या बाजूने काय बोलणार?

माहिती जमवणं वकिलाने एकट्याने करायचं काम नाही. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेला, ऐकून घ्यायची सवय असलेला माणूस लागतो. त्याला वकिलाच्या हाताखाली, लेखी नेमणूक पत्र देऊन घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने वकील-पक्षकारांतल्या बोलण्याला जे संरक्षण दिलं आहे ते वकिलाच्या दुभाष्याला आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. बाहेरचा स्वयंसेवक म्हणून गेलेल्याला ते मिळेलच असं नाही, आणि त्याची वही उद्या कोर्टात मागवली जाऊ शकते.

भाषेकडे नीट बघा. कोर्टाचं काम हिंदीत चालतं, पण बालपणाचं बोलणं हिंदीत येतंच असं नाही. बऱ्हाणपूर, खंडवा, रावेर पट्ट्यातून इंदूरला मजुरीला आलेली कुटुंबं मराठी, निमाडी, अहिराणी बोलतात, झाबुआ-अलीराजपूरकडची भिली. इथले मराठी वकील आणि विद्यार्थी यात खरोखर उपयोगी पडतात, कारण मराठी घरातली आई 'मारायचे' आणि 'बदडायचे' यांत फरक करते. दुभाषा दोन्हींचं 'मारते थे' करून टाकतो.

जेलमधली मुलाखत

नेहमीच्या मुलाकातीच्या जाळीतून हे काम होत नाही. आजूबाजूला वीस माणसं ओरडत असतात. कोर्टाकडे अर्ज करून आदेश घ्या: वकील आणि नेमलेली व्यक्ती यांना आरोपीला जेल कर्मचाऱ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी, प्रत्येक वेळी किमान दोन तास, ठरलेल्या तारखांना भेटू द्यावं, आणि वही-पेन आत नेऊ द्यावं. वही-पेनचा उल्लेख राहिला तर ते गेटवर काढून घेतात आणि दिवस वाया जातो. आदेशाची प्रमाणित प्रत जेल अधीक्षकांच्या कार्यालयात आदल्या दिवशी पोचवा.

चार ते सहा भेटी धरून चला. पहिल्या भेटीत गुन्ह्याबद्दल एक अक्षर विचारू नका. जन्म कुठे झाला, घरात कोण कोण होतं, झोपायचे कुठे, शाळा किती लांब होती, असे साधे प्रश्न. मारहाण, लैंगिक अत्याचार, आत्महत्येचा प्रयत्न ही माणसं तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात, आणि तेही 'माझ्यासोबत एक मुलगा होता, त्याच्याबरोबर असं झालं' अशा आडवळणाने. घाई केली की दार बंद होतं.

घरी येऊन त्याच रात्री एक जीवनपट तयार करा. एका मोठ्या कागदावर डावीकडे वर्ष आणि वय, मध्ये घटना, उजवीकडे 'हे कुणी सांगितलं' आणि 'कागद आहे का'. उजवीकडचे रिकामे चौकोन म्हणजे पुढच्या महिन्याचं काम.

घरचे, शेजारी, मास्तर

प्रत्येकाला एकट्याने भेटा. सासू समोर बसली असताना बायको बोलणार नाही आणि वडील ओट्यावर असताना आई. आत्या, मावशी, मोठी बहीण यांच्याकडून जास्त कळतं. आई-वडिलांना स्वतःकडे दोष येईल अशी भीती असते. आरोपीचा पहिला मुकादम, शाळेतले मास्तर, अंगणवाडीच्या ताई, गल्लीतले डॉक्टर, अशा दहा-बारा जणांपर्यंत पोचायला हवं.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. 'लहानपणी याला काही आजार होता का?' असं विचारलं की आई म्हणते, 'नाही हो, सगळं चांगलं होतं.' त्याऐवजी भावंडांशी तुलना करून विचारा. बोलायला कधी लागला, धाकट्याच्या आधी की नंतर? किती वर्षांचा असताना एकटा दुकानात जाऊन सुटे पैसे मोजून आणायला लागला? ताप डोक्यात गेला होता का, त्यानंतर शाळेत कसा होता? 'धाकटी आधी बोलली, हा पाच वर्षांचा होईतो नुसता खुणा करायचा' हे उत्तर मतिमंदत्वाच्या तपासणीचं पहिलं कारण ठरू शकतं.

बळी गेलेल्याच्या घरी आरोपीच्या नातेवाइकांनी जाऊ नये, निरोपही पाठवू नये. ते दुःखात आहेत, आणि कायद्याने ती साक्षीदारावर दबाव आणल्याची तक्रार ठरू शकते.

कागद

मनोज निकालाने सांगितलेल्या बाबी अशा: वय, लहानपणीचं घर, त्यात हिंसा किंवा हेळसांड, आताचं कुटुंब, शिक्षण, आर्थिक-सामाजिक स्थिती, आधीचे गुन्हे, रोजगार आणि उत्पन्न, मानसिक आजार, समाजापासून तुटलेपण आणि त्याची कारणं. ही माहिती गोळा करून कोर्टापुढे ठेवायची जबाबदारी सरकारवर आहे आणि आरोपीला उत्तर द्यायची समान संधी आहे. पण सरकारच्या भरवशावर बसू नका. पोलिसांचा अहवाल अनेकदा एका पानाचा असतो आणि त्यात 'परिवार की आर्थिक स्थिति सामान्य' एवढंच लिहिलेलं असतं.

सगळ्यांत आधी वय. पुण्याच्या १९९४ च्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस गुन्ह्याच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. तोवर तो अठ्ठावीस वर्षं जेलमध्ये होता. पुरावा होता राजस्थानातल्या गावच्या शाळेचं रजिस्टर, आणि त्यात त्याचं नाव खटल्यातल्या नावापेक्षा वेगळं होतं. बाल न्याय कायद्यात कलम ९४ ने आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर महापालिकेची किंवा पंचायतीची जन्मनोंद आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी असा क्रम दिला आहे. अल्पवयीन असल्याचा दावा कलम ९ प्रमाणे कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो. आरोपी तेवीस-चोवीसचा दिसत असेल तरी पहिल्या शाळेपर्यंत जाऊन या.

शाळेत गेल्यावर दाखल्यावर समाधान मानू नका. मूळ दाखल-खारिज रजिस्टर बघायला मागा: ते लांबट, कापडी पाठीचं पुस्तक, ज्यात एका ओळीत नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, वर्ग, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. कारणाच्या रकान्यात 'निरंतर अनुपस्थित' लिहिलेलं असेल तर त्या वर्षीचा हजेरीपट मागा. समजा, नाव जुलैत गळलं आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला मे महिन्याचा आहे. हे दोन कागद शेजारी ठेवले की 'वडील गेल्यावर मुलगा अकराव्या वर्षी कामाला लागला' हे विधान सिद्ध होतं. एरवी ते नुसतं वकिलाचं बोलणं राहतं. रजिस्टरच्या त्या पूर्ण पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत घ्या, कापलेल्या ओळीची नको.

नावातल्या फरकांची एक स्वतंत्र यादी ठेवा. शाळेत एक, रेशन कार्डावर दुसरं, एफआयआरमध्ये टोपणनाव. आणि मराठी कुटुंबांत वडिलांचं नाव मध्ये येतं, ते इथल्या कागदांत कधी गळतं तर कधी आडनावाच्या जागी बसतं. हा फरक समजावणारं आईचं किंवा मोठ्या भावाचं शपथपत्र जोडलं नाही तर सरकारी वकील एका वाक्यात सगळे कागद बाद करतात.

दवाखान्याचे कागद लगेच मागा. डॉक्टरांनी रुग्णाची नोंद तीन वर्षं जपावी असा नियम आहे. त्यानंतर ती नष्ट झाली तर तक्रार करता येत नाही. एमवाय हॉस्पिटलमध्ये अपघात किंवा जळण्याचा उपचार झाला असेल तर वर्ष, महिना आणि वॉर्ड यांचा अंदाज घेऊनच अर्ज द्या. नुसत्या नावावरून काही सापडत नाही. मानसिक उपचार झाले असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ प्रमाणे स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा रुग्णाला हक्क आहे. जेलमधून आरोपीची सही घेऊन अर्ज करा. सरकारी कार्यालय दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात स्पष्ट लिहा की माहिती व्यक्तीच्या जीविताशी संबंधित आहे. तशा अर्जाला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं.

महाराष्ट्रातून आलेले सातबारा, शाळा सोडल्याचे दाखले, ग्रामपंचायतीच्या नोंदी मराठीत असतात. त्यांचं हिंदी भाषांतर, भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ प्रत एकत्र लावा. 'सातबारा'चं भाषांतर करू नका. खाली एका ओळीत तो जमिनीचा हक्कनोंदीचा उतारा आहे, इकडच्या खसरा-खतौनीसारखा, एवढं सांगा.

मानसिक तपासणी

जेलच्या डॉक्टरांचा 'मानसिक रूप से स्वस्थ' असा दोन ओळींचा दाखला म्हणजे तपासणी नव्हे. तो खटला चालवायला माणूस शुद्धीवर आहे एवढंच सांगतो. शिक्षेसाठी लागतो तो अहवाल म्हणजे मनोविकारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले नैदानिक मानसशास्त्रज्ञ यांनी तीन-चार बैठकांत केलेलं काम: बुद्धिमापन, स्मृती, मेंदूची इजा, आघाताचे परिणाम, व्यसन. इंदूरमध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. कोर्टाकडून तिथल्या तज्ज्ञांच्या मंडळाची मागणी करता येते.

तपासणाऱ्यांना जीवनपट, शाळेचे आणि दवाखान्याचे कागद आधी द्या. नुसत्या जेलमधल्या गप्पांवर लिहिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही. चाचणी कोणत्या भाषेत झाली हेही लिहून घ्या. भिली बोलणाऱ्या माणसाची हिंदी शब्दचाचणी घेतली तर कमी आलेले गुण बुद्धीचे की भाषेचे, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि अहवाल लिहिणाऱ्याने गुन्ह्याच्या घटनेबद्दल आरोपीला काय विचारायचं याची चर्चा वकिलाशी आधी व्हावी, कारण खटला अजून चालू असतो.

मनोज निकालाचं म्हणणं आहे की सरकारने अशी तपासणी शक्य तितकी लवकर करून ठेवावी, म्हणजे गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती कळेल. आठ-दहा वर्षांनी केलेल्या तपासणीत जेलने केलेला परिणाम आणि आधीपासूनचा आजार वेगळे काढणं फार अवघड जातं.

जेलचा अहवाल

जेलकडून साधारण 'आचरण संतोषजनक' असं येतं. उपयोगाचं काही हवं असेल तर अर्जात मुद्देसूद मागा: शिक्षा-रजिस्टरमध्ये नोंद आहे का, असल्यास तारीख आणि कारण, कोणतं काम केलं, किती दिवस, किती मजुरी जमा, साक्षरता वर्ग किंवा इग्नूचा अभ्यासक्रम, दवाखान्यात किती वेळा, कोणती औषधं, किती मुलाकाती आल्या. शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण दर पंधरवड्याला डबा घेऊन येणारी बहीण हा माणूस समाजात परत जोडला जाऊ शकतो याचा पुरावा आहे. अहवाल अधीक्षकांचा आणि परिवीक्षा (प्रोबेशन) किंवा कल्याण अधिकाऱ्यांचा, दोन्ही मागा.

निकालाच्या दिवशी

बॅगेत तयार अर्ज ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) प्रमाणे शिक्षेवर ऐकून घेणं बंधनकारक आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं २३५(२)). ऐकणं म्हणजे पुरावा मांडू देणं, हे संतासिंग निकाल १९७६ पासून सांगतो; निकाल आणि शिक्षा यांच्यात तारीख द्यावी, हे अल्लाउद्दीन मियाँ निकाल १९८९ पासून. किती वेळ पुरेसा, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांच्या घटनापीठाकडे सोपवला. अर्जात हे सगळं दोन परिच्छेदांत, आणि मग मागणी: सरकारचा मनोजप्रमाणे अहवाल दाखल झालेला नाही, आमचे अमुक साक्षीदार आणि अमुक कागद सादर करायचे आहेत, त्यासाठी इतके दिवस द्यावेत. कागदांची नावं लिहा. 'तयारीसाठी वेळ द्यावा' एवढ्यावर कोर्टं दुसऱ्या दिवसाची तारीख देतात. अर्ज नामंजूर झाला तर कारणासह ऑर्डरशीटवर यायला हवा. उच्च न्यायालयात तीच ओळ उपयोगी पडते.

सुनावणीत शपथपत्रं, मूळ कागद आणि दोन-तीन साक्षीदार ठेवा. सगळे बारा नकोत. मास्तर, बहीण आणि मानसतज्ज्ञ पुरतात. युक्तिवाद बचनसिंग निकालाच्या (१९८०) चौकटीत बांधा. त्या निकालाप्रमाणे जन्मठेप हा नियम आणि फाशी अपवाद. आरोपी पुन्हा हिंसा करेल आणि सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचं असतं. फाशीसाठी विशेष कारणं लिहावीच लागतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९३(३). सरकारी वकील गुन्ह्याचं वर्णन वाचून दाखवतील. त्यावर उत्तर देताना क्रौर्य कमी होतं असं कधीही म्हणू नका. ते खोटं असतं आणि बळी गेलेल्यांच्या घरच्यांसमोर ते बोलणं निर्दयपणाचं आहे. गुन्हा इतका भयंकर असूनही या माणसात सुधारणेला जागा आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फायलीतल्या कागदांत आहे, तिथेच बोट ठेवा. प्रलंबित खटल्यांची यादी आली तर हरकत घ्या. दोषसिद्धी झाल्याशिवाय तो पूर्वेतिहास धरता येत नाही.

एक चूक वारंवार होते. वकील सत्र न्यायालयाकडे 'पंचवीस वर्षं सूट न देता जन्मठेप द्या' अशी मागणी करतात. अशी विशेष जन्मठेप देण्याचा अधिकार श्रीहरन निकालाप्रमाणे (२०१५) फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. ही मागणी उच्च न्यायालयासाठी राखून ठेवा.

फाशी सुनावली गेली तर

ती लगेच अमलात येत नाही. सत्र न्यायालय प्रकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ खाली उच्च न्यायालयाकडे पाठवतं. इंदूरचं प्रकरण इंदूर खंडपीठापुढे येतं आणि तिथे मंजुरी मिळेपर्यंत अंमलबजावणी होऊ शकत नाही. घरच्यांना हे त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातच समजावून सांगा, आणि दुसऱ्या दिवशी जेलमध्ये जाऊन आरोपीला. त्या रात्री आत्महत्येचा धोका असतो. जेल डॉक्टरांना लेखी कळवा. अपील करायला तीस दिवस आहेत आणि निकालाची प्रत मोफत मिळते. उच्च न्यायालयात अपील उशिरा लागलं तर जेल आणि मानसतज्ज्ञ यांचे नवे अहवाल मागा. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की मनोजमधल्या सूचना न पाळता फाशी झाली असेल तर, सगळे मार्ग संपल्यावरही, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागून) शिक्षेचा मुद्दा पुन्हा उघडता येतो. दयेच्या अर्जासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मधली तीस दिवसांची मुदत जेल अधीक्षकांनी माहिती दिल्यापासून मोजतात. ती तारीख लेखी घ्या.

पुढच्या कोर्टात वकील बदलतो आणि आधीचे कागद हरवतात. म्हणून निकालाच्या आठवड्यातच पूर्ण खोक्याच्या तीन प्रती करा, प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, वर सूची लावा आणि कुणाशी कधी बोललो, कोण बोलायला तयार नव्हतं, कुणाचा फोन आता बंद आहे, याची वेगळी टिपणं बंद पाकिटात ठेवा. एक प्रत नव्या वकिलाला, पोच घेऊन. एक विधी सेवा समितीच्या कार्यालयात. तिसरी घरच्यांकडे, कपाटात वरच्या फळीवर, पावसाचं पाणी पोचणार नाही तिथे.